गरोदरपणात श्वासातून किती धूर जातो, हे कसं मोजतात? बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संशोधनासाठी गरोदर बाईच्या अंगाला यंत्र लावून दिवसभर हवा मोजायची म्हटलं की खानापूरपासून चिकोडीपर्यंत प्रश्न जवळपास तेच येतात. काही सासूबाईंचे, बरेचसे नवऱ्याचे, आणि घरातली माणसं जरा बाजूला झाली की खुद्द बाईचे. घरी साधारण ज्या ओघात विचारले जातात, त्याच ओघात ते इथे दिले आहेत.

मोबाईलवर बेळगावची हवा ‘समाधानकारक’ दाखवते. मग वेगळं मोजायचं कशाला?

मोबाईलवरचा आकडा शहरातल्या एका केंद्रावरून येतो. ते केंद्र मोकळ्यावर, उंचावर उभं असतं आणि गावच्या वरची हवा ओढतं. जांबोटीकडच्या एखाद्या कौलारू घरात, पावसात भिजलेल्या लाकडांवर फुंकणी मारत बसलेल्या बाईच्या नाकासमोर काय चाललंय, ते त्याला कुठून कळणार?

हिशोब करून बघू. आकडे फक्त समजण्यापुरते धरा. बाहेरच्या एका घनमीटर हवेत बारीक कण ४० मायक्रोग्रॅम आहेत, आणि चूल पेटलेली असताना चुलीसमोर ४००. न्हाणीतला जाळ धरून बाई सकाळ-संध्याकाळ मिळून ३ तास चुलीपुढे असते, उरलेले २१ तास बाहेरच्यासारख्या हवेत. तीन चारशे बाराशे, एकवीस चाळीस आठशे चाळीस. बेरीज २,०४०, भागिले २४, म्हणजे सरासरी ८५. केंद्र सांगतं ४०, तिच्या वाट्याला येतात ८५. शिवाय त्याच घरातला नवरा दिवसभर शेतात असेल तर त्याचा आकडा आणखी निराळा. म्हणून यंत्र घरात टांगून भागत नाही, ते बाईबरोबर फिरावं लागतं.

‘समाधानकारक’ या शेऱ्याचंही सांगून ठेवतो. आपल्या देशाच्या हवेच्या निर्देशांकात ५१ ते १०० म्हणजे समाधानकारक, आणि त्यात पीएम २.५ चा, म्हणजे याच बारीक कणांचा, आकडा ३१ पासून ६० पर्यंत काहीही असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची शिफारस १५ आहे.

पीएम २.५ म्हणजे काय आणि किती चालतं?

अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. नाकातले केस आणि घसा ते अडवू शकत नाहीत, ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. मोजायचं एकक एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम हे. भारताच्या २००९ च्या मानकांत २४ तासांची सरासरी ६० आणि वर्षाची ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपल्या मर्यादा खाली आणून १५ आणि ५ केल्या. आपल्याकडे जो दिवस जेमतेम पास होतो, तो तिकडच्या फूटपट्टीवर चौपट निघतो. ‘इतकं चालतं’ असा आकडा गरोदर बाईसाठी वेगळा ठरवलेला नाही.

आई धूर घेते. पोटातल्या बाळाचा त्याच्याशी काय संबंध?

तीन वाटा आहेत. गरोदरपणात श्वास खोल होतो, दर मिनिटाला आत जाणारी हवा वाढते, म्हणून त्याच स्वयंपाकघरात तिच्या वाट्याला धूर जास्त येतो. दुसरी वाट कार्बन मोनॉक्साइडची. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून ऑक्सिजनची जागा अडवतो, आणि बाळाचं हिमोग्लोबिन त्याला आईच्यापेक्षा घट्ट धरून ठेवतं. तिसरी वाट कणांची. बेल्जियममधल्या हासेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ मध्ये वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण सापडले. ‘वार सगळं गाळून घेते’ हा घरोघरीचा समज तिथे टिकत नाही.

कमी वजन, म्हणजे अडीच किलोच्या आत, आणि ३७ आठवड्यांच्या आत प्रसूती, या दोन गोष्टींशी धुराचा संबंध पुष्कळ अभ्यासांत दिसला आहे. पण ‘संबंध दिसला’ आणि ‘तुमच्या बाळाला हे होणारच’ यांत मोठं अंतर आहे. त्यावर पुढे येतो.

घरी चूल आहे की गॅस, एवढं विचारून भागत नाही का?

मोठ्या अभ्यासांत बहुतेक वेळा तेच करतात. बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज ज्या आंतरराष्ट्रीय जाळ्यात आहे, तिथे गावोगावच्या गरोदर बायकांची आणि जन्मांची नोंदवही ठेवली जाते. त्या जाळ्यातून भारत, पाकिस्तान, केनिया, झांबिया आणि ग्वाटेमाला इथल्या बायकांना स्वयंपाकाचं इंधन विचारून केलेला अभ्यास २०१५ मध्ये आला. धुराचं इंधन वापरणाऱ्या घरांत जन्माच्या आसपास बाळ दगावण्याचं प्रमाण जास्त दिसलं. हजारो बायकांपर्यंत पोहोचायचं तर प्रश्न विचारणं हाच व्यवहार्य मार्ग.

पण ‘गॅस’ असं उत्तर आलं की कागदावर एक खूण होते आणि विषय संपतो. आपल्या भागात तो तिथे संपत नाही.

आमच्याकडे उज्ज्वलाचा गॅस आहे. आम्हाला कशाला मोजता?

गॅसवर चहा आणि भाजी. भाकरी चुलीवरच ‘फुगते’. अंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलाणावर, कारण एवढ्या माणसांचा हंडा गॅसवर तापवायचा म्हणजे सिलिंडर महिनाभर पुरायचा नाही. खानापूरकडे उकड्या तांदळासाठी भात उकडायचं असेल त्या दिवशी मोठं भांडं आणि मोठा जाळ. गुरांची आंबवण वेगळीच. उज्ज्वला योजना २०१६ ला आली आणि सिलिंडर घरोघर पोहोचले हे खरं, पण चूल कोपऱ्यात राहिलीच.

न्हाणीतला जाळ तर कोणी मोजणीत धरतच नाही. ‘स्वयंपाक कशावर करता?’ या प्रश्नात अंघोळीचं पाणी येत नाही. पहाटे न्हाणीत हंड्याखाली पालापाचोळा सरकवणारी सहसा घरातली सून असते, आणि गरोदर असते तीही तीच.

यंत्र दिसतं कसं? त्याचं काय करायचं?

तळहातात मावणारी डबी, वजन साधारण दीडशे ग्रॅम. खिसा शिवलेल्या एप्रनमध्ये किंवा पट्ट्याला अडकवून ती छातीवर, नाका-तोंडापासून वीतभर अंतरावर घालायची. पदर वर येऊ द्यायचा नाही, नाहीतर यंत्र पदराची हवा मोजतं. आतला छोटा पंप हवा ओढत असतो, त्याचा बारीक घूं असा आवाज येतो. पहिल्या तासात त्याने डोकं उठतं, मग सवय होते.

बाकी दिवस रोजच्यासारखा. अंगणवाडीत मातृपूर्ण योजनेच्या जेवणाला जायचं असेल तर यंत्र घालूनच जा. शेतात, बाजारात, लग्नाला, कुठेही. लोक विचारतील, सांगून टाका.

अंघोळीला? झोपताना?

अंघोळीला काढायचं, पण कपाटात ठेवायचं नाही. न्हाणीच्या दाराबाहेर खुंटीला लावा. रात्री उशाजवळ स्टुलावर, उशीच्या उंचीला. बाजूला डासांची कॉईल लावत असाल तर रोजच्यासारखीच लावा. तिचाही धूर मोजायचाच आहे.

त्यात कॅमेरा किंवा आवाज टिपायचं काही आहे का?

हवा मोजणाऱ्या यंत्रात नसतं. हालचाल कळणारा एक छोटा भाग असतो, त्यावरून यंत्र अंगावर होतं की दिवसभर खुंटीला, एवढं समजतं. काही अभ्यासांत जागा टिपणारं जीपीएसही वापरतात. तसं असेल तर संमतीपत्रात लिहिलेलं असायलाच हवं. नसेल तर विचारा.

आकडा येतो कसा?

दोन तऱ्हेने, आणि चांगल्या यंत्रात दोन्ही एकत्र असतात.

पहिली तऱ्हा वजनाची. डबीत रुपयाच्या नाण्याहून लहान अशी एक पांढरी चकती असते. ती आधी प्रयोगशाळेत, ठराविक तापमानाच्या आणि कोरड्या-दमटपणाच्या खोलीत, मायक्रोग्रॅमपर्यंत तोलतात. चोवीस तासांनी पुन्हा तोलतात. पंप मिनिटाला ०.३ लिटर हवा ओढत असेल तर १,४४० मिनिटांत ४३२ लिटर, म्हणजे ०.४३२ घनमीटर. चकतीचं वजन ३० मायक्रोग्रॅमने वाढलं असेल तर ३० भागिले ०.४३२, साधारण ६९. संपूर्ण दिवसाचा एकच आकडा, पण भरवशाचा.

चुलीच्या घरातून आलेली चकती उघडली की बहुधा मशीन लागतच नाही. पांढरी गेलेली तपकिरी-काळी होऊन येते. एखाद्या सासूबाईंना ती दाखवली की जे समजतं, ते आकडे सांगून समजत नाही.

दुसरी तऱ्हा उजेडाची. आत एक किरण असतो, कण त्यावरून गेले की उजेड विखुरतो, आणि त्यावरून यंत्र दर काही सेकंदाला अंदाज बांधतं. याने वेळ कळते: सहाला उसळी म्हणजे न्हाणी, साडेसातला उसळी म्हणजे भाकरी, रात्री नऊला छोटा उंचवटा म्हणजे कॉईल किंवा ओट्यावरची बिडी. पण या तऱ्हेला दमटपणा चालत नाही. कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाच वाढतो. जुलैमध्ये कणकुंबीच्या धुक्यात नुसत्या उजेडावर विसंबलात तर घरात आग लागल्यासारखे आकडे येतील. म्हणून चकतीच्या वजनाशी ताळा घालावाच लागतो.

कार्बन मोनॉक्साइडसाठी पेनाएवढं वेगळं यंत्र असतं.

एका दिवसात काय कळणार?

खरंच फारसं नाही. सणाचा दिवस, पाहुणे, पाऊस, लाकूड ओलं की सुकं, सगळ्याने आकडा हलतो. म्हणून गरोदरपणात निदान दोन-तीनदा मोजतात: एकदा विसाव्या आठवड्याच्या आत, एकदा सहाव्या-सातव्या महिन्यात, एकदा शेवटाकडे. कोणत्या आठवड्यात किती धूर, हे जुळवायचं तर शेवटच्या पाळीची तारीख नीट हवी, शक्य तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून पक्की केलेली. ‘पंचमीच्या आसपास’ असं सांगितलं की सगळा हिशोब पंधरा दिवस इकडे-तिकडे होतो.

हंगामही बघावा लागतो. खानापुरात पावसाळा वाईट, कारण लाकूड ओलं आणि खिडक्या बंद. चिकोडी, अथणी, हुक्केरीकडे ऊस तुटायला लागला की बाहेरची हवा बिघडते.

यंत्र लावलं त्या दिवशी मी चूलच पेटवली नाही तर?

असं खूप जणी करतात. चांगलं दिसावं म्हणून, किंवा पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसं. मग तो आकडा तुमच्या रोजच्या आयुष्याचा राहत नाही. पेटवली नसेल तर नाही म्हणून सांगा, कोणी रागावणार नाही. नोंद असली की पुरे.

सातव्या महिन्यात मी माहेरी जाणार. मग काय?

माझ्या मते आपल्या भागातल्या मोजमापाचा सगळ्यात मोठा घोळ इथे आहे.

पहिलटकरीण. डोहाळजेवण झालं की माहेरी. सासर बेळगाव तालुक्यातल्या उचगावला, माहेर सीमेपलीकडे चंदगडला किंवा गडहिंग्लजला. ताई कार्डावर, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदीच्या सरकारी कार्डावर, पत्ता सासरचा. आता एखादा संशोधक उपग्रहाच्या चित्रांवरून, रस्ते-कारखान्यांच्या नकाशावरून पत्त्यानुसार प्रदूषणाचा अंदाज काढतो, तेव्हा ही बाई नऊही महिने उचगावला होती असं धरतो. प्रत्यक्षात बाळाचं वजन सगळ्यात वेगाने वाढतं ते शेवटचे तीन महिने ती दुसऱ्या घरात, दुसऱ्या चुलीजवळ, दुसऱ्या राज्यात असते. तिथली आशाताई वेगळी, कार्ड वेगळं, दवाखाना वेगळा.

आणि माहेरी धूर कमी असतो की जास्त, हे आधी सांगता येत नाही. आई लेकीला चुलीपुढे बसू देत नाही, म्हणून कमीही असेल. किंवा माहेर गरीब, गॅसच नाही, म्हणून जास्त. दोन्ही तऱ्हा घडतात.

तुम्ही मोजणीत असाल तर निघण्याआधी तारीख सांगा, माहेरचा पत्ता द्या, शेवटची फेरी तिथे घ्यायला सांगा. ‘कर्नाटकाच्या हद्दीबाहेर आम्ही येत नाही’ असं उत्तर मिळालं तर निदान गेल्याची तारीख त्यांच्या वहीत लिहून घ्या. ती तारीख नसलेला आकडा, पत्त्यावर आधारलेला तर नक्कीच, मी तरी फार गंभीरपणे घेत नाही.

बाहेरचं काय? साखर कारखाना, पाचट, वीटभट्ट्या, उद्यमबागेतल्या फाउंड्र्या?

तेही येतं. ऊस तुटल्यावर शेतात पाचट पेटवतात तेव्हा संध्याकाळी हवा खाली बसते आणि धूर गावावर राहतो. गुऱ्हाळाचं चुलाण, खानापूरकडच्या विटांच्या भट्ट्या, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून असलेली निपाणी-संकेश्वरची घरं, बेळगावच्या उद्यमबागेजवळच्या वसाहती, प्रत्येकाचा धूर वेगळा. चकतीवर काजळी किती आणि धूळ किती, हे प्रयोगशाळेत वेगळं काढता येतं. लाकूड जळाल्याची खूण सांगणारी रसायनंही असतात, पण ती तपासणी महाग, सरसकट होत नाही.

केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत कर्नाटकातून बंगळूर, हुबळी-धारवाड, दावणगिरी आणि कलबुर्गी आहेत. बेळगाव नाही, आणि खेडी तर त्या यादीत नसतातच.

निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करते. यंत्रात ते कळेल का?

धूळ कळेल, तंबाखू कळणार नाही. जर्द्याची धूळ बरीचशी जाड कणांची असते, अडीच मायक्रोमीटरची डबी तिचा मोठा भाग बाहेरच ठेवते. शिवाय निकोटीन हातांच्या कातडीतूनही शिरतं, ते कुठल्याच हवेच्या यंत्राला सापडत नाही. त्यासाठी लघवीत कोटिनीन तपासतात, निकोटीन अंगात गेलं की शरीर ते बनवतं. तुमच्या कामाबद्दल कोणी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा, कारण तुमच्यासाठी चुलीपेक्षा वखार मोठी असू शकते. डॉक्टरांनाही सांगा. घरी बिड्या वळत असाल तरी हेच.

रक्त-लघवी तपासून धूर कळत नाही का?

थोडाफार. रक्तातलं किंवा श्वासातलं कार्बन मोनॉक्साइड बघता येतं, पण ते काही तासांत उतरतं. सकाळी चुलीपासून उठून दुपारी दवाखान्यात पोहोचलात की बरंच निघून गेलेलं असतं.

ऑनलाइन मिळणारं छोटं यंत्र घ्यावं का?

घ्यायचं तर घ्या, पण तुलनेसाठी. चूल पेटवण्याआधी किती, नंतर किती, खिडकी उघडल्यावर किती, न्हाणीचं दार लावल्यावर किती. एवढं ते बरं सांगतं. त्यातला नेमका आकडा मात्र कोणाला दाखवून घाबरू नका, घाबरवू नका. पावसाळ्यात तर मुळीच नाही.

आकडा जास्त आला. बाळाला काही होईल का?

एका बाईच्या आकड्यावरून तिच्या बाळाचं भविष्य कोणी सांगू शकत नाही. सांगत असेल तर उठून या.

एक अभ्यास यासाठी माहीत असावा. भारतात तमिळनाडू, शिवाय ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा, अशा चार देशांत मिळून सुमारे ३,२०० गरोदर बायका. चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून निम्म्यांना गॅस शेगडी आणि सिलिंडर फुकट दिले, बाकीच्या चुलीवरच राहिल्या. दोघींच्याही अंगावर यंत्रं. २०२२ मध्ये निकाल आला. धूर खरोखर उतरला होता: गॅसवाल्या गटाचा मधला आकडा सुमारे २४, चुलीवाल्या गटाचा सुमारे ७१. पण बाळांच्या सरासरी वजनातला फरक जेमतेम २० ग्रॅमचा, योगायोगानेही येईल इतका.

याचा अर्थ धूर निरुपद्रवी असा काढू नका. गॅस मिळाला तोवर त्या बायकांचे नऊ ते वीस आठवडे उलटून गेले होते. आणि वजन एकट्या धुरावर ठरत नाही; आईचं रक्त, उंची, खाणं, आजार सगळं त्यात आहे. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की चूल बंद केली म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत.

मग तोवर करायचं काय?

पहिल्यांदा अंघोळीचं पाणी. स्वयंपाकाची सवय मोडणं अवघड, पण हंड्याखालचा जाळ दुसऱ्या कोणाला तरी पेटवता येतो, नवऱ्याला येतोच. वरच्या हिशोबात ३ तासांचा १ तास झाला तर ४०० अधिक २३ चाळीस नऊशे वीस, बेरीज १,३२०, सरासरी ५५. पंच्याऐंशीचे पंचावन्न, एकही रुपया न घालता.

मग लाकूड पावसाआधी आत घेणं, चुलीत प्लास्टिक न घालणं, बिडी अंगणाच्या पलीकडे, कॉईलऐवजी मच्छरदाणी. तोंडाला पदर बांधल्याने बारीक कण अडत नाहीत.

बाळंतपणानंतर शेक आणि धुरी द्यायची की नाही?

या प्रश्नावर घरात भांडणं होतात, म्हणून जपून सांगतो. ऊब हवी, त्यावर वाद नाही. पण दार-खिडक्या बंद करून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवणं धोक्याचं आहे. निखारा धूर करत नाही म्हणून तो निर्धोक वाटतो, पण कार्बन मोनॉक्साइड निखाराही सोडतो, आणि त्या वायूला वास नाही. अंग गरम पाण्याच्या पिशवीने शेका, खोली उघडी ठेवा. बाळाला वावडिंग-ओव्याची धुरी नको. आजी ऐकत नसतील तर लस द्यायला येणाऱ्या सिस्टरांच्या तोंडून सांगवा, त्यांचं ऐकतात.

संमतीचा कागद कन्नडमध्ये आहे. सही करू का?

वाचता येत नसेल तर करू नका, मराठी प्रत मागा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे माहिती तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावीच लागते, एक प्रत तुमच्याकडे राहते, आणि कधीही मध्येच ‘नको’ म्हणता येतं. त्यावरून दवाखान्यातले उपचार कोणी अडवू शकत नाही. सही तुमची. नवऱ्याने किंवा सासऱ्यांनी ‘चालेल’ म्हटलं, एवढ्यावर काम भागत नाही.

पैसे पडतात का?

संशोधनात नाही.

सरकारी दवाखान्यात हे मोजून मिळतं का?

नाही. तिथल्या नेहमीच्या तपासणीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी असते, हवा नसते. पण पुढच्या वेळी ताई कार्ड घेऊन जाल तेव्हा चूल, न्हाणी, वखार, घरातली बिडी आणि माहेरी जायची तारीख सिस्टरांना सांगून कार्डाच्या कोपऱ्यात लिहून घ्या. त्याला मशीन लागत नाही.